चुंबकीय नॅनोकणांना जंतूचा डीएनए कसा कळतो?

सूक्ष्मजीवी: सेमिनारला हा विषय घेतलाय. काही लेखांत हे कण डीएनए शुद्ध करायला वापरलेत, काहींत थेट निदानाला. लोखंडाला जंतू कळतो कसा? आणि पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) असताना हा खटाटोप कशासाठी?

नळीवाली: लोह ऑक्साइडला जंतू मुळीच कळत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत, गोंधळ तिथेच होतो. पहिलं माझं रोजचं. कणांवर सिलिकाचा थर असतो आणि ग्वानिडिनियम क्षाराच्या तीव्र द्रावणात डीएनए त्याला चिकटतो. नळी चुंबकाला लावली की तपकिरी गढूळ द्रावण बघता बघता नितळ होतं, भिंतीवर गडद ठिपका उरतो. वरचं द्रावण काढायचं, इथेनॉलने धुवायचं, मग कमी क्षाराच्या बफरमध्ये डीएनए सोडवून घ्यायचा. रक्तातलं हीम (रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त घटक) पीसीआर अडवतं, ते या धुण्यात जातं. धुतल्यावर मात्र घाई नको. इथेनॉल राहिलं तरी पीसीआर बिघडतो आणि ठिपका भेगा पडेपर्यंत वाळला तर डीएनए नीट सुटत नाही. चुंबक काढल्यावर कण पुन्हा मोकळे होतात, कारण ते सुपरपॅरामॅग्नेटिक असतात, म्हणजे चुंबक जवळ असेपर्यंतच त्यांच्यात चुंबकत्व राहतं.

सूक्ष्मजीवी: पण सिलिकाला तर रुग्णाचा डीएनएही चिकटेल ना?

नळीवाली: चिकटतोच, आणि जंतूपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून दुसऱ्या कामासाठी कणांवर प्रोब बसवतात, म्हणजे जंतूच्या जनुकाला पूरक अशी डीएनएची छोटी साखळी. ओळखते ती साखळी, कण नव्हे.

फिरकी: भौतिकशास्त्राकडून भर घालतो. प्रोबवाल्या कणांना जुळणारा डीएनए मिळाला की त्यांचे पुंजके होतात आणि भोवतालच्या पाण्यातल्या प्रोटॉनांचा टी-२ शिथिलन काळ, म्हणजे त्यांचा चुंबकीय संकेत विरायला लागणारा वेळ, बदलतो. तो चुंबकीय अनुनादाने मोजतात. इथे प्रकाश लागत नाही, त्यामुळे रक्ताच्या रंगाची अडचण नाही. टी-२ कॅन्डिडा ही अशीच चाचणी, रक्तातली कॅन्डिडा बुरशी शोधणारी, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये मान्य केलेली. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, दिवस लागतात, हिला काही तास. पण आधी पीसीआर तिच्यातही होतोच! तेव्हा 'पीसीआरऐवजी' असं सेमिनारमध्ये म्हणू नका.

नळीवाली: अगदी बरोबर. आणखी एक विचारतीलच: डीएनए सापडला म्हणजे जंतू जिवंत आहे असं नाही. उपचारानंतर मेलेल्या जंतूंचाही सापडू शकतो. शिवाय त्या जंतूवर कोणतं औषध चालेल हे बघायला कल्चर लावावंच लागतं, त्यामुळे या चाचणीसोबत कल्चरचा नमुनाही घेतात.