अहवाल आणि शिक्षा यांच्या मधला टप्पा

चौकशी अधिकारी खात्याबाहेरचा नेमला की विभागीय चौकशी, म्हणजे कर्मचाऱ्यावरच्या आरोपांची खात्याने केलेली चौकशी, निःपक्ष होईल, हे म्हणणं अर्धंच पटतं. हा अधिकारी अहवालात फक्त निष्कर्ष देतो. शिक्षा ठरवतो शिस्तभंग प्राधिकारी, म्हणजे शिक्षा द्यायचा अधिकार असलेला वरिष्ठ, आणि घोळ होतो तो या दोन टप्प्यांच्या मधे. करुणाकर खटल्यात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की दोषी ठरवण्याआधी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला द्यायची आणि त्याचं म्हणणं ऐकायचं. खासगी आस्थापनांनाही हे लागू आहे. तरीही कधीकधी अहवाल थेट शिक्षेच्या नोटिशीला जोडून येतो, म्हणजे दोष आधीच ठरलेला! गंमत अशी की प्रत दिली नाही म्हणून आदेश आपोआप रद्द होत नाही; ती न मिळाल्याने बचावाचं काय नुकसान झालं ते दाखवावं लागतं. तेव्हा अपिलात ‘प्रत मिळाली नाही’ एवढंच लिहून थांबू नका. अहवालातल्या कोणत्या निष्कर्षाला कोणत्या कागदाने किंवा साक्षीने उत्तर देता आलं असतं, तेही लिहा.

अहवालात आरोप सिद्ध झाला नसेल आणि प्राधिकाऱ्याला ते अमान्य असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या कुंज बिहारी मिश्रा निकालानुसार (१९९८) मतभेदाची तात्पुरती कारणं आधी कर्मचाऱ्याला कळवावी लागतात. ‘तात्पुरती’ हा शब्द महत्त्वाचा. कळवणाऱ्या पत्रातच ठाम निष्कर्ष असेल तर म्हणणं मांडायची संधी नावापुरतीच.