रानातल्या अळंब्या ओळखायला कोणतं पुस्तक घ्यावं?

कुडाळची_सून
ठाण्याचं घर बंद करून गेल्या वर्षी कुडाळजवळ सासरच्या घरी राहायला आले. पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत अंगणातल्या गवतात बशीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. भाच्याने लंडनहून आणलेलं रॉजर फिलिप्स यांचं जाडजूड पुस्तक माझ्याकडे आहे. फोटो असे की बघता बघता चहा गार होतो. त्यात बघून मी ठरवून टाकलं की हे पॅरासोल, खाण्याजोगं. टोपलीभर खुडून आणले. सासूबाईंनी (वय ८४) एक उचलून उलटं केलं, "ही अळमी न्हय गे," म्हणाल्या, आणि टोपली माडाच्या आळ्यात रिकामी केली. कसं कळलं विचारलं तर, "आमका कळता."
हे जे त्यांना कळतं ते मला शिकायचंय. खायचं पुढचं पुढे. मराठीत काही आहे का? इंग्रजीही चालेल.

वारूळ
सासूबाईंना नमस्कार सांगा. वर्णनावरून ते क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस असावं, हिरवळीवर येणारं. खाल्लं असतंत तर काही तासांत उलट्या-जुलाब. टोपीखालचे पातळ पडदे कोवळेपणी पांढरेच असतात, जून झाल्यावर हिरवट होतात, त्यामुळे फोटोवरून फसायला होतं. पुढच्या वेळी टोपी कापून पडदे खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी बीजाणूंचा ठसा मिळेल. याचा हिरवट, पॅरासोलचा पांढरा, आपल्या वारुळावरच्या अळमीचा (टर्मिटोमायसीस) गुलाबीसर.
फिलिप्सच्या पुस्तकात खोट नाही, ते ब्रिटन आणि युरोपचं आहे इतकंच. तुम्ही त्यातलं सगळ्यात जवळचं चित्र शोधलंत. पुस्तक घेताना आधी 'की' आहे का ते बघा, म्हणजे पडदे दांड्याला चिकटलेत का, दांड्यावर वळं आहे का, बुडाशी पिशवी आहे का, असं एकेक प्रश्न विचारत पुढे नेणारा जिना. त्यासाठी डेव्हिड अरोरा यांचं 'मश्रूम्स डीमिस्टिफाइड' (दुसरी आवृत्ती, १९८६) घ्या. कॅलिफोर्नियातल्या जाती तुम्हाला कुडाळात भेटणार नाहीत, पण घराणं कसं ओळखायचं ते कळेल. शिवाय माणूस मिश्कील लिहितो.
आपल्याकडचं म्हणाल तर पुरकायस्थ आणि चंद्रा यांचं भारतातल्या खाद्य अळंब्यांवरचं १९८५चं मॅन्युअल. आणि नैर्ऋत्य भारतातल्या अळंब्यांवरचा साठे व सहकाऱ्यांचा जुना ग्रंथ, पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सचा. तो दुकानात मिळायचा नाही. ग्रंथालयात बसून टिपणं काढावी लागतील. मीही तेच केलं.

ओरेगॉनचा_पावटा
ऑनलाइन घेणार असाल तर जपून. २०२३ मध्ये एआयने लिहिलेली अळंब्यांची पुस्तकं विकायला आली होती. न्यूयॉर्क मायकोलॉजिकल सोसायटीने तेव्हा जाहीर इशारा दिला होता. मीही एक घेऊन बसलो. लेखकाने आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही, आणि एका चित्रात दांडा टोपीला टेकलेलाच नाही! पैसे गेले. तेव्हापासून लेखक कोण, कुठे काम केलंय, हे बघितल्याशिवाय बटण दाबत नाही.

अण्णा_५२
एवढी पुस्तकं कशाला? शिजवताना चांदीचं नाणं टाकायचं. काळं पडलं तर विषारी. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच.

वारूळ
अण्णा, हे कृपया कोणाला सांगू नका. अमॅनिटा नावाच्या विषारी अळंब्यांतल्या जीवघेण्या विषाने चांदी काळी पडत नाही, आणि शिजवून ते विष जातही नाही. त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. मग उलट्या-जुलाब थांबतात, माणसाला वाटतं सुटलो, आणि आत यकृत निकामी होत असतं. तुमच्या पिढ्या वाचल्या त्या अळमी ओळखणाऱ्या बायकांमुळे. नाण्याचा त्यात काही संबंध नाही.

कुडाळची_सून
अरोरा मागवलंय. काल परत उगवल्या होत्या, ठसा घेतला. शेवाळी हिरवा! सासूबाईंना कागद दाखवायला गेले. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. छत्री उलटी केली, दांड्याच्या बुडाला बोट लावलं. "ह्येचा मूळ खंय आसा?"
म्हणजे त्या दिवशी त्या पडदे बघतच नव्हत्या. अळमीचं लांब मूळ मातीत खोल जातं, ते शोधत होत्या.

वारूळ
बरोबर, ते खाली वाळवीच्या घरापर्यंत जातं. पण लांब मूळ हायमेनोपेलिस नावाच्या दुसऱ्या अळंबीलाही असतं, आणि त्याचा ठसा पांढरा. कागद टाकू नका.