शब्दचर्चा: सुवर्णमाक्षिकात सोनं असतं का?

काल तुळशीबागेजवळ औषधांच्या दुकानात सुवर्णमाक्षिक भस्माची डबी दिसली. भाचीने विचारलं, "मावशी, यात सोनं किती?" मला सांगता येईना. माक्षिक म्हणजे माशी का? आणि ज्या दगडात खरंच सोनं असतं, त्याला मराठीत काय म्हणावं? सुवर्णखनिज?

प्रतिसाद १
ताई, सुवर्णमाक्षिक म्हणजे चाल्कोपायराइट. तांबं, लोखंड आणि गंधक. माक्षिक हा शब्द मक्षिकेवरूनच आला, पण त्याचा अर्थ मध. दगडाचा रंग तसा पिवळा, झळाळता, म्हणून हे नाव. 'सुवर्ण' रंगापुरतंच. जुन्या रसग्रंथांत त्याला ताप्यही म्हटलंय, तापी नदीवरून.

खरं सोनं पोटात असलेलं खनिज हवं तर कॅलाव्हेराइट घ्या. शंभर ग्रॅममध्ये जवळपास ४४ ग्रॅम सोनं, बाकी टेल्युरियम नावाचं मूलद्रव्य. सोनं सहसा कुणाशी संयोग पावत नाही, मोकळंच सापडतं. टेल्युरियम हा मोजक्या अपवादांतला. खोलवरचं तापलेलं पाणी दोघांना घेऊन खडकाच्या भेगांतून वर चढतं आणि निवताना ते शिरांमध्ये साठतात. कोलोरॅडोतल्या क्रिपल क्रीकला हे जुन्या ज्वालामुखीच्या पोटात घडलं. नाव मात्र कॅलिफोर्नियातल्या कालाव्हेरास परगण्याचं, आणि स्पॅनिशमध्ये त्या शब्दाचा अर्थ कवट्या!

प्रतिसाद २
'सुवर्णखनिज' चालेल, पण दहावीच्या विज्ञानातला 'धातुक' विसरू नका. ज्या खनिजातून धातू काढणं परवडतं, ते धातुक. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीला १८९३ मध्ये सोनं सापडलं, तेव्हा लोकांनी पितळी रंगाचं हेच टेल्युराइड, म्हणजे सोनं-टेल्युरियमचं खनिज, खोटं सोनं समजून टाकून दिलं, त्याने रस्त्यातले खड्डे बुजवले. १८९६ मध्ये ओळख पटली आणि तीच भर लोक उकरायला लागले. दगड तोच, खनिज आधीही होतं. धातुक मात्र त्या वर्षी झालं. म्हणून मी दोन्ही शब्द वेगळे ठेवतो.

मूळ प्रश्नकर्ती
मग भाचीला सांगते, डबीतलं सोनं नावातच आहे. आता तिचा पुढचा प्रश्न ठरलेला: आपल्या वाघोलीच्या खाणीत मिळेल का?

प्रतिसाद १
तिथल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत निळंशार कॅव्हान्साइट मिळतं, झिओलाइट गटातली स्फटिकं मिळतात. सोनं नाही. पण ते निळं खनिज तिला एकदा नक्की दाखवा.