वापरलेली ट्रॅप शॉटगन: नळीची लांबी, वजन आणि तोल

प्रश्न: कोल्हापूरकर पालक

नमस्कार. माझी १९ वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून ट्रॅप नेमबाजी (हवेत सोडलेल्या तबकड्या शॉटगनने टिपण्याचा खेळ) करत आहे आणि मोठ्या सरावासाठी आम्ही दिल्लीला, तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर जातो. आता तिच्यासाठी स्वतःची बंदूक घ्यायची आहे. एक वापरलेली बारा बोअरची, वर-खाली नळ्या असलेली शॉटगन पाहिली आहे; नळी ३० इंची, वजन ३.८ किलो, आणि पूर्वीच्या मालकाने ती डबल ट्रॅपसाठी, म्हणजे एकाच वेळी दोन तबकड्या सोडल्या जातात त्या प्रकारासाठी, घेतली होती. २५ तबकड्यांच्या पहिल्या दोन फेऱ्या उत्तम होतात, परंतु तिसऱ्या फेरीपासून तिला नळी जड वाटू लागते आणि छर्रे तबकडीच्या खालून किंवा मागून जातात. बोटावर तोलल्यास बंदूक बिजागरीच्या (जिथे नळ्या खाली मोडून उघडतात त्या सांध्याच्या) खिळ्यापुढे २ सेंमीवर तोल धरते. दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडी भागात, वजन भरावे, असे एकाने सुचवले. दुसऱ्याने ३२ इंची नळीच घ्या, असे सांगितले. यांपैकी काय योग्य ठरेल?

उत्तर: जुना ट्रॅप नेमबाज

तोलाचा विचार करण्यापूर्वी दस्ता तिच्या अंगाला बसतो का, हे पाहावे. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची स्वतः खात्री करा. मग तिने आरशासमोर डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि गाल दस्त्यावर टेकवून डोळे उघडावेत; डोळा नळीवरच्या पट्टीच्या रेषेत आणि किंचित वर असला पाहिजे. दस्ता लांब असेल, तर सगळी बंदूक शरीरापासून पुढे सरकते आणि पुढच्या हातावरचा भार वाढतो. पुष्कळदा ज्याला आपण ‘नळी जड आहे’ म्हणतो, तो दोष खरे तर दस्त्याच्या लांबीचा असतो. उंचीही तितकीच महत्त्वाची आहे. ट्रॅपची तबकडी समोरून वर चढत जाते, त्यामुळे दस्ता थोडा उंच ठेवून छर्ऱ्यांचा पुंजका नेमापेक्षा जरा वर पडेल अशी रचना करतात. मग तबकडी नळीच्या वर दिसत राहते, ती झाकून अंदाजाने चाप ओढावा लागत नाही. कागदावर ३०-३५ मीटरवरून चार-पाच बार काढल्यावर हे स्पष्ट दिसेल.

उत्तर: नाशिकचा यांत्रिकी अभियंता

वजन भरण्याचा हिशेब मांडून पाहू. ३.८ किलोची बंदूक २ सेंमी पुढे झुकते. बिजागरीच्या मागे ३० सेंमीवर दस्त्यात वजन ठेवले, तर तोल बरोबर बिजागरीवर आणायला सुमारे २५० ग्रॅम लागतील. म्हणजे बंदूक ४ किलोच्या वर जाईल आणि तिसऱ्या फेरीत थकलेल्या हातांना ती आणखी उचलावी लागेल. शिवाय तोलाचा बिंदू एकच असूनही दोन बंदुका अगदी वेगळ्या वळतात. कावडीच्या दोन टोकांना भरलेल्या घागरी घेऊन वळणे आणि त्याच घागरी छातीशी धरून वळणे यात जो फरक आहे, तोच येथे आहे. टोकांवरचे वजन फिरवायला सुरुवातीला जोर लावावा लागतो आणि फिरू लागल्यावर ते सहज थांबत नाही. ट्रॅपमध्ये हा गुण काही प्रमाणात हवा असतो, कारण तबकडी डावी-उजवीकडे ४५ अंशांपर्यंत जाऊ शकते आणि मध्येच झोका थांबला की नेम मागे राहतो. ३२ इंची नळी हा गुण वाढवते, पण आधीच दमणाऱ्या हाताला ती मला योग्य वाटत नाही.

उत्तर: जुना ट्रॅप नेमबाज

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. एक महत्त्वाची गोष्ट राहिली: ही बंदूक डबल ट्रॅपची आहे. २००४ साली अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोड यांनी रौप्यपदक जिंकले, तो हाच प्रकार. रिओ २०१६ नंतर तो ऑलिंपिकमधून वगळला गेला. त्यात पहिली तबकडी लवकर टिपायची असल्याने पहिल्या नळीचा चोक (छर्रे किती पसरावेत हे ठरवणारा नळीच्या तोंडाचा अरुंदपणा) बऱ्याचदा मोकळा ठेवत. तो न बदलता येणारा असेल, तर ट्रॅपमध्ये २४ ग्रॅमच्या काडतुसातले छर्रे दूर गेलेल्या तबकडीपर्यंत विरळ होतील आणि चूक नसतानाही मुलीला स्वतःच्या नेमाविषयी शंका येऊ लागेल. चोक मोजून घेतल्याखेरीज व्यवहार करू नका. परवान्यावर नोंद झाल्याशिवाय बंदूक ताब्यात घेता येणार नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्नकर्ते: कोल्हापूरकर पालक

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मालकाच्या उपस्थितीत रेंजवर पुन्हा तपासले. दस्ता तिच्यासाठी जवळपास २ सेंमी लांब आहे, आणि पहिल्या नळीचा चोक मोकळा असला तरी तो काढून दुसरा बसवता येतो. दस्ता कापल्यावर तोल आणखी पुढे जाईल का?

उत्तर: नाशिकचा यांत्रिकी अभियंता

थोडा जाईल, कारण मागचे लाकूड कमी होईल. परंतु बंदूक शरीराच्या जवळ आल्याने पुढच्या हाताला ती हलकीच वाटेल. कापण्याचे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्या, आणि व्यवहार पक्का झाल्यावरच. त्यानंतर १०० ग्रॅम शिशाची पट्टी दस्त्याला बाहेरून चिकटपट्टीने लावून चार फेऱ्या खेळू द्या, मग ती काढून पुन्हा चार, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीचे गुण वेगळे लिहून ठेवा. फरक दिसला, तरच ते वजन दस्त्याच्या आत कायमचे बसवा.