इंटरॅक्टोमच्या नकाशातून पेशी खरंच कळते का?

पेशीवेडा:
सरळच लिहितो. कुठलं प्रोटीन कुठल्या प्रोटीनला चिकटतं याचे जे मोठाले नकाशे छापतात, हजारो ठिपके आणि मधे रेघांचा गुंता, ज्याला इंटरॅक्टोम म्हणतात, त्यावरून पेशी कळली म्हणणं मला पटत नाही. रेघ म्हणजे काय तर ही दोघं एकमेकांना धरू शकतात, बस. कोण कोणाला चालू करतं, कोण बंद पाडतं, कधी, कुठे, काहीच नाही. यीस्ट टू-हायब्रिड, म्हणजे यीस्टच्या पेशीत दोन प्रोटीन्स चिकटतात का ते बघायची चाचणी, तिच्या नेहमीच्या पद्धतीत तर दोन्ही प्रोटीन्स यीस्टच्या केंद्रकात आणून भेटवतात, मग खऱ्या पेशीत एक मायटोकॉन्ड्रियात आणि दुसरं बाहेरच्या मेंब्रेनवर असलं तरी रेघ पडू शकते. २००० आणि २००१ मधे यीस्टचे असे दोन मोठे नकाशे आले, जीव तोच, पद्धत तीच, आणि दोघांत सारख्या रेघा अगदी थोड्या.

सूक्ष्मदर्शी:
सारख्या कमी आल्या म्हणून खोट्या ठरत नाहीत हो. यीस्टमधे सहा हजारांच्या आसपास प्रोटीन्स, म्हणजे जोड्याच जवळपास १.८ कोटी, दोन्ही टीमना त्यातलं थोडंच सापडलं. आणि त्या अर्धवट नकाशातूनही २००१ मधे जेऑन्ग, बाराबाशी वगैरे संशोधकांनी दाखवलं की पाच किंवा कमी रेघा असलेल्या प्रोटीन्सपैकी २१ टक्केच अशी की काढली तर यीस्ट मरतं, पण पंधरापेक्षा जास्त रेघावाल्यांत तेच ६२ टक्के. हे एकेक प्रोटीन घेऊन बसलं असतं तर दिसलंच नसतं.

पेशीवेडा:
पण ज्या प्रोटीनवर जास्त लॅब काम करतात त्याच्या रेघा जास्त सापडणारच, कॅन्सर रोखणाऱ्या पी५३ या प्रोटीनचंच बघा ना.

सूक्ष्मदर्शी:
म्हणून तर २०२० चा मानवी नकाशा महत्त्वाचा, त्यात साधारण साडेसतरा हजार जीन्सची प्रोटीन्स सगळ्यांशी सगळी ताडून पाहिली, आधीपासून कुणाला झुकतं माप नाही. सुमारे ५३ हजार रेघा मिळाल्या.

लॅबवाली:
मधेच बोलते. वेमुराफेनिब घ्या, बीआरएएफ हे पेशीला वाढायचा सिग्नल देणारं प्रोटीन दाबणारं कॅन्सरचं औषध. बीआरएएफमधला तोच व्ही६००ई बदल (एक ठराविक म्यूटेशन), मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरमधे, औषध जवळपास निम्म्या पेशंटना लागू पडलं, २०११ मधे मंजुरी, आणि आतड्याच्या कॅन्सरमधे जवळपास काहीच नाही. का, तर बीआरएएफ दाबलं की खालून येणारा लगाम सुटतो आणि ईजीएफआर (पेशीच्या मेंब्रेनवरचं, वाढीचा सिग्नल घेणारं प्रोटीन) जागा होऊन तोच सिग्नल पुन्हा सुरू करतो, मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर कमी असतो म्हणून तिथे हे घडत नाही. एकट्या प्रोटीनकडे बघून हे कळलं असतं का? जाळंच बघावं लागतं.

पेशीवेडा:
उदाहरण चोख आहे, पण ते माझ्याच बाजूचं! २०१२ मधे हे सापडलं ते नकाशा बघून नाही, कायनेझ, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारी एन्झाइम्स, त्यांचे जीन्स एकेक करून गप्प केले आणि औषधासोबत कुठली पेशी मरते ते पाहिलं. जाळं महत्त्वाचं नाही असं मी कुठे म्हणतोय, पण "हे दाबलं की ते उठतं" ही माहिती चिकटण्याच्या रेघेत नसते, ती पेशीला छेडल्यावरच मिळते.

लॅबवाली:
बरं, पण पुढचं काय? २०२० मधे एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब ही औषधांची जोडी आतड्याच्या याच कॅन्सरसाठी मंजूर झाली, बीआरएएफ आणि ईजीएफआर दोन्ही दाबणारी. प्रत्येक कॅन्सरमधे प्रत्येक जोडी छेडून बघायला पेशंटकडे तेवढा वेळ नसतो, आधी कुठल्या जोड्या तपासायच्या हे कुणी सांगायचं? मी तरी रेघा बघूनच यादी करते, आणि त्यातल्या बऱ्याच फुकट जातात हे मान्य करूनही करते.

पेशीवेडा:
यादीपुरता नकाशा मला चालेल. रेघेशेजारी टिश्यू आणि दिशा लिहिलेली असेल तर.