शब्दचर्चा : हव्यकांचे 'आयी', 'कवळ' आणि 'आसरिंगे'

प्रश्न
कर्नाटकातल्या शिरसीजवळच्या एका सुपारीच्या बागायतदाराकडे मुक्काम होता. घरातली मंडळी आपसात जे बोलत होती ते मला येणाऱ्या जुजबी कानडीत बसेना. त्यात 'आयी' ऐकू आलं, जेवणानंतर 'कवळ' ऐकू आलं. आमच्या गाडीचा चालक म्हणाला, "ही खरी कन्नड नाही, हव्यकांची मिसळ आहे, मराठी-कोकणी घुसलेली." हे बरोबर आहे का?

प्रतिसाद
नाही, आणि हा गैरसमज खोडून काढायलाच हवा. माझं आजोळ सिद्धापूर तालुक्यातलं, घरात हीच बोली. हव्यक या ब्राह्मण समाजाची ही कन्नड बोली, हिला हविगन्नड म्हणतात. शिरसी, सिद्धापूर, यल्लापूर, कुमठा, होन्नावर, घाटावरचे सागर-होसनगर, आणि दक्षिणेला पुत्तूर, सुळ्यपासून केरळातल्या कासरगोडपर्यंत ती बोलली जाते. मिसळ वाटते ती बऱ्याच अंशी जुनी कन्नड आहे, जी बाकीच्यांनी सोडली आणि हव्यकांनी धरून ठेवली.

सर्वनामापासूनच बघा. आजच्या प्रमाण कन्नडमध्ये 'मी' म्हणजे 'नानु'. हव्यक म्हणतो 'आनु'. बसवण्णांच्या (बसवेश्वरांच्या) बाराव्या शतकातल्या वचनात 'आनु ओलिदंते हाडुवे' (मला भावेल तसं मी गाईन) असं आहे. तो 'आनु' शिरसीच्या स्वयंपाकघरात आजही रोज ऐकू येतो. 'माझा' म्हणजे 'एन्न', तोही वचनांतलाच.

क्रियापदांत तर हे फारच स्पष्ट दिसतं. प्रमाण कन्नडमध्ये येणारा 'बरुव', खाणारा 'तिन्नुव', जेवणारा 'उण्णुव'. हव्यकात बप्प, तिंब, उंब. जाणं 'होपदु', पाहणं 'कांबदु'. हा प-ब जुन्या कन्नडचा. प्रमाण भाषेत त्याचा 'व' झाला. घरातून निघताना 'होपन' म्हटलं की झालं, 'चला, निघूया'.

मराठी माणसाला सगळ्यात जवळची वाटेल अशी गोष्ट पुढे आहे. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. समोरच्याला धरून बोलायचं तर आपण, वगळून बोलायचं तर आम्ही. प्रमाण कन्नडमध्ये दोन्हीला एकच 'नावु'. हव्यकात मात्र दोन शब्द आहेत. 'एंगळ मने' म्हणजे आमचं घर, तुमचं त्यात नाही. तुम्हालाही सामावून घ्यायचं तर 'नम्म मने'. पाहुण्याशी बोलताना कोणता शब्द आला याकडे माझा कान आपोआप जातो.

आता तुमचे दोन शब्द.

'आयी' उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हव्यकांत आहे, दक्षिणेकडच्या हव्यकांत आई म्हणजे 'अब्बे'. अब्बे हा जुन्या कन्नडचा ठेवा. दहाव्या शतकातल्या दानशूर अत्तिमब्बेच्या नावात तोच आहे. मग उत्तरेतला 'आयी' मराठी-कोकणीतून आला का? शेजार आहेच, आणि उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होता, त्यामुळे येणं अशक्य नाही. पण जुन्या तमिळमध्येही 'आय्' म्हणजे आई. नुसत्या सारखेपणावरून देणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

'कवळ' म्हणजे विडा. प्रमाण कन्नडमध्ये त्याला 'एले-अडिके', पान-सुपारी. कवळ हा मूळचा संस्कृत 'कवल', तोंडात मावेल एवढा घास. जुन्या मराठीतही कवळ म्हणजे घासच. सुपारीच्या मुलखात ज्याला घास म्हणावं ते विडाच ठरलं, हा अर्थाचा प्रवास मला फार सुंदर वाटतो.

प्रतिसाद
वरच्या माहितीत भर. हव्यकात बाईसाठी नपुंसकलिंग वापरतात ना? मी मालवणी बोलणारा आहे. आमच्याकडे 'झील (मुलगा) इलो', 'बायल (बाई) इली', पण 'चेडू इला'. मुलगी नपुंसकात. कोकणीतही 'तें चेडूं आयलें'. हा प्रकार तोच का?

प्रतिसाद
दिसायला तसाच, पण व्याप्ती वेगळी. मालवणी-कोकणीत ते मुख्यतः लहान किंवा तरुण मुलींपुरतं. हव्यकात एकवचनी स्त्रीलिंगी रूपच चालत नाही. 'थोरली बहीण आली' हे प्रमाण कन्नडमध्ये 'अक्क बंदळु', हव्यकात 'अक्क बंतु'; वयाने कितीही मोठी असो. 'ती' म्हणजे 'अदु'. यात अनादर अजिबात नाही, व्याकरणच तसं आहे. बाहेरून सून आली की तिला सुरुवातीला हे खटकतं.

आणि गंमत म्हणजे 'मुलगी' यासाठीचा शब्द 'कूसु'. प्रमाण कन्नडमध्ये कूसु म्हणजे तान्हं बाळ, मुलगा की मुलगी ते त्यात नाही. मुलगा म्हणजे 'माणी'. तो 'माणव' या संस्कृत शब्दावरून आला, ब्रह्मचारी बटू या अर्थी. किनारी कर्नाटकातल्या हॉटेलांत वाढप्या पोऱ्यालाही माणी म्हणतात.

या बोलीच्या व्याकरणाचं काम पुण्यात झालं आहे हेही सांगतो. भाषाशास्त्रज्ञ डी. एन. शंकर भट यांनी लिहिलेली हव्यकच्या व्याकरणाची रूपरेषा डेक्कन कॉलेजने १९७१ साली प्रसिद्ध केली.

प्रश्न
'हव्यक' हे नाव होम-हवनावरून का?

प्रतिसाद
समाजात तेच मानतात: हव्य-कव्य (देवांना आणि पितरांना द्यायचा हवी) करणारे ते हव्यक. कदंब राजा मयूरवर्मा याने उत्तरेतल्या अहिच्छत्राहून ब्राह्मण आणून वसवले अशी परंपरेची कथाही सांगतात. दुसरं मत असं की होन्नावर-कुमठ्याच्या किनाऱ्याला जुन्या काळी 'हैव' किंवा 'हैगे' म्हणत, त्यावरून हैग, हवीक, आणि पुढे संस्कृत वळणाचं हव्यक. मला दुसरं अधिक पटतं, कारण मुलखावरून जातीचं नाव पडणं आपल्याकडे सर्रास आहे: देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे.

प्रश्न (मूळ प्रश्नकर्ता)
आणखी एक राहिलं. घरात शिरताच विचारलं गेलं ते 'आसरिंगे...' असं काहीतरी होतं. अर्थ?

प्रतिसाद
'आसरिंगे बेका?' असणार; 'बेका' म्हणजे हवं का. जुन्या कन्नडमध्ये 'आसर्' म्हणजे थकवा, तुळूत 'आसरु' म्हणजे तहान. 'आसरिंगे' म्हणजे थकवा-तहानेसाठी काहीतरी. पाहुणा पायरी चढला की हा प्रश्न आधी, खुशाली नंतर. सुपारी सोलण्याच्या दिवसांत गेलात तर अंगणात किंवा पडवीत माणसं मेट्टुगत्तीवर बसलेली असतात. मेट्टु म्हणजे पायाने दाबणं, कत्ती म्हणजे सुरी. आपल्या विळीसारखं उभं पातं असतं, त्यावर एकेक सुपारी सोलत जातात. हात चालू ठेवूनच कुणीतरी आत हाक मारतं, आणि गूळ-पाणी, ताक नाहीतर कषाय (काढा) येतं. दुपारी गेलात तर जेवणात तंबुळी असेल: ताकात वाटलेली ब्राह्मी किंवा दुसरा पाला. याचा तांबूलाशी संबंध नाही. 'तण्' म्हणजे गार आणि 'पुळि' म्हणजे आंबट. त्याच पुळीचं पुढे 'हुळि' झालं, म्हणून कैरीचं सार ते 'अप्पेहुळि'. एकाच पानात एका शब्दाची दोन वयं.

नको असेल तर 'बेड' म्हणा. घेणार असाल तर 'अक्कु' (चालेल). आणि त्यांनी उशिराबद्दल माफी मागितली तर 'अड्डिल्ले', काही हरकत नाही.