दशावतारी नाटकात दहा अवतार का दिसत नाहीत?

प्रश्न – घाटावरचा
गेल्या कार्तिकात कुडाळजवळ आजोळच्या जत्रेला गेलो होतो. पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर मध्यरात्री नाटक उभे राहिले. गणपती, ऋद्धिसिद्धी आणि सरस्वती येऊन गेल्यावर संकासुराने मालवणीत चेष्टामस्करी केली, विष्णूने त्याला मारले आणि लगेच वेगळीच पौराणिक कथा सुरू झाली. झोप अनावर झाल्याने मी अर्ध्यातूनच उठलो. उरलेले नऊ अवतार पुढे येतात काय?

प्रतिसाद – पायपेटी
येत नाहीत. आपण पाहिलेला पहिला भाग म्हणजे आडदशावतार आणि नंतरचा भाग म्हणजे आख्यान. शंखासुराने (बोलीत संकासुराने) वेद पळवले व विष्णूने मत्स्यरूपाने त्याचा वध केला, ही पहिल्या अवताराची कथा तेवढी आडदशावतारात साकार होते. राम किंवा कृष्ण आख्यानाच्या ओघात आले तर येतात. आख्यानाला लिखित संहिता नसते. कथानक आणि पात्रे ठरली की पायपेटी, मृदंग व झांजेच्या साथीने नट संवाद रंगमंचावरच रचतात, आणि एकच बाकडे कधी सिंहासन तर कधी पर्वत होते. (हल्ली रंगमंचावर चमत्कार दाखवणाऱ्या ‘ट्रिकसीन’पेक्षा मला ते बाकडेच अधिक पटते.) हा खेळ श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास कोकणात आणला, असे सांगतात.

प्रतिसाद – जुनी पोथी
शेवटच्या विधानाबद्दल शंका आहे. दशावतारी खेळात येणाऱ्या सुंदर नारी प्रत्यक्षात धटिंगण पुरुषच असतात, असा उल्लेख दासबोधात आहे आणि समर्थांचे निर्वाण १७२८ पूर्वी चाळीसहून अधिक वर्षे झाले. तेव्हा काळे यांनी या खेळाला कोकणात वळण लावले असेल, पण दशावतारी खेळ मराठी मुलुखाला त्याआधीच ठाऊक होता, हे उघड आहे.

प्रतिसाद – माहेरवाशीण
घाटावरचा, अर्ध्यातून उठलात आणि मुख्य विधी चुकवलात! पहाटे आख्यान संपल्यावर देवळापुढे दहीहंडी फुटते आणि काल्याचा प्रसाद वाटतात. म्हणूनच आमच्याकडे या नाटकालाच ‘धयकालो’ म्हणतात. त्यानंतर नट रंग पुसून पुढच्या गावच्या जत्रेला निघतात. गाड्या नव्हत्या तेव्हा वेशभूषेचे पेटारे ते स्वतःच्या डोक्यावरून नेत. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्यावरूनच पडली.